तारेच्या वाटेतील अडसर : तुणतुणे, जवारी आणि ओव्हरड्राइव्ह पेडल यांच्या कारागिरीचा इतिहास

१

संगीताच्या इतिहासात गायक-वादकांची चरित्रे विस्ताराने येतात, घराण्यांच्या परंपरा तपशिलाने नोंदविल्या जातात. परंतु वाद्य ज्याने घडविले त्याचा उल्लेख बहुधा एका वाक्यात आटोपतो. त्यातही तारेचा स्वर शक्य तितका निर्मळपणे पुढे पोहोचविणारा कारागीर आणि त्या स्वराच्या वाटेत हेतुपुरस्सर एखादा अडसर ठेवून त्याचे स्वरूपच पालटणारा कारागीर असे दोन वर्ग कल्पिले, तर दुसऱ्या वर्गाकडे अभ्यासकांचे लक्ष आणखी कमी गेले आहे. याचे कारण उघड आहे. पहिल्याचे काम गुण म्हणून ओळखता येते. दुसऱ्याचे काम ध्वनिशास्त्राच्या परिभाषेत ‘विकृती’ या सदरात पडते.

विद्युत्-गिटार वाजविणाऱ्याच्या पायाशी असणारी, ओव्हरड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शन पेडल या नावाने ओळखली जाणारी लहानशी पेटी हे या दुसऱ्या वर्गाच्या कारागिरीचे आजचे सर्वांत परिचित उदाहरण होय. गिटारच्या पोलादी तारांखाली लोहचुंबक व तांब्याच्या तारेची वेटोळी बसविलेली असतात. तार कंप पावली की त्यांत अल्पसा विद्युत्-प्रवाह उत्पन्न होतो. हा प्रवाह ध्वनिवर्धकाकडे जाण्यापूर्वी या पेटीतून जातो आणि तेथे त्याच्या लाटांची शिखरे छाटली जातात. ऐकणाऱ्याला स्वर जाड, करकरीत, दीर्घकाळ टिकणारा असा भासतो. मोठ्या कारखान्यांतून अशा पेट्या फार मोठ्या संख्येने निघतात. तथापि वादकांच्या जगात विशेष प्रतिष्ठा आहे ती एका-दोघा माणसांच्या कार्यशाळेत हाताने जुळविलेल्या, थोड्या संख्येने निघणाऱ्या पेट्यांना.

ही गोष्ट सर्वस्वी नवी व परदेशी आहे अशी समजूत असणे स्वाभाविक आहे. वस्तुतः साधन नवे असले, तरी त्यामागची कल्पना महाराष्ट्राला अपरिचित नाही. संगमनेरच्या परिसरातील तमाशात वाजणारे तुणतुणे आणि मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी या दोहोंतही तारेच्या मूळ स्वराहून अधिक काही ऐकू येते, आणि ते ‘अधिक’ तारेचे नसून तारेच्या वाटेत ठेवलेल्या वस्तूचे असते. ती वस्तू घडविणारा लहान कारागीर हा त्या नादाचा अर्धा कर्ता होय. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन एवढेच आहे. यांपैकी एकाने दुसऱ्यापासून काही उचलले असा दावा येथे नाही. तुणतुणे, जवारी व पेडल यांचे उगम परस्परांपासून स्वतंत्र आहेत. त्यांना एकत्र पाहण्याचे प्रयोजन असे की, तिन्ही ठिकाणी इतिहासकारापुढे एकच अडचण उभी राहते : कारागिराचे ज्ञान कागदावर नसते, ते वस्तूत असते.

२

प्रवरेच्या काठी, पुणे-नाशिक मार्गावर वसलेल्या संगमनेरचे नाव शाहिरी वाङ्मयात अनंत फंदी (१७४४–१८१९) यांच्यामुळे ठळक झाले. उत्तर पेशवाईतील हा शाहीर संगमनेरचा. तमाशातून तो कीर्तनाकडे वळला, आणि हे वळण अहिल्याबाई होळकरांच्या उपदेशामुळे घडले, अशी परंपरागत आख्यायिका आहे. आख्यायिकेची ऐतिहासिक प्रमाणता कितीही असो, तमाशाच्या वाद्यांकडे प्रतिष्ठित समाज कोणत्या दृष्टीने पाहत होता हे तिच्यावरून कळते. पुढील काळात याच तालुक्यातील हिवरगाव पावसा येथील पवळाबाई हिवरगावकर यांनी पठ्ठे बापूरावांच्या (१८६६–१९४५) फडात कीर्ती मिळविली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फड गाजविणाऱ्या कांताबाई सातारकर (मृत्यू २०२१) यांचेही वास्तव्य संगमनेरला होते. तमाशाची ही परंपरा येथे दोन शतकांहून अधिक काळ कोणत्या ना कोणत्या रूपाने नांदली आहे.

या परंपरेत ढोलकी, हलगी, कडे व झांज यांच्या जोडीला एकच तंतुवाद्य सातत्याने दिसते, ते तुणतुणे. लाकडाचे अथवा पत्र्याचे एक पोकळ नळकांडे, त्याच्या तळाला मढविलेले कातडे, नळकांड्याच्या अंगाला ठोकलेली एक काठी, काठीच्या वरच्या टोकाला खुंटी आणि कातड्याच्या मध्यातून निघून नळकांड्याच्या पोकळीतून खुंटीपर्यंत गेलेली एक तार, एवढाच या वाद्याचा पसारा. वाजविणारा बहुधा मागे उभा राहून झील धरणाऱ्यांपैकीच एक असतो. लाकडाच्या लहान तुकड्याने तो तार छेडतो. त्यातून आधारस्वर व लय या दोहोंचे काम भागते.

बांधणी इतकी साधी असल्यामुळे या वाद्यात अभ्यास करण्याजोगे काही नाही असा ग्रह होतो. परंतु सतार, वीणा किंवा सारंगी यांच्यात आणि तुणतुण्यात एक मूलभूत फरक आहे. सतारीची तार ध्वनिफलकाला समांतर जाते व घोडीवर टेकते. तुणतुण्याची तार कातड्याशी जवळजवळ काटकोनात असते आणि तिचे टोक कातड्यातच गुंतविलेले असते. छेडलेली तार एका कंपनात दोन वेळा आपल्या मध्यस्थितीपासून दूर जाते, एकदा एका बाजूला व एकदा दुसऱ्या बाजूला. दोन्ही वेळी तिचा ताण वाढतो आणि दोन्ही वेळी कातडे ओढले जाते. तार एकदा कंप पावेपर्यंत कातड्याला दोन हिसके बसतात. साहजिकच मूळ स्वराबरोबर त्याच्या वरच्या सप्तकातील स्वरही उमटतो. तारेत जे नाही ते कातड्याने घातलेले असते. याच जातीच्या एकतारीवर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९०९ साली, म्हणजे आपल्या संशोधनजीवनाच्या अगदी आरंभी, एक टिपण प्रसिद्ध केले होते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. भिक्षेकऱ्याच्या हातातील वाद्य त्यांना शास्त्रीय विचारास योग्य वाटले.

तुणतुण्याचा आवाज ढोलकीच्या कडकडाटातून वाट काढून प्रेक्षकांच्या शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचतो, तो केवळ जोरामुळे नव्हे. त्याच्या नादात वरच्या सप्तकाची धार असते. कातडे किती ताणावे, जाड घ्यावे की पातळ, तार कोठून ओवावी, हे ठरविताना कारागीर वस्तुतः ही धार कमीजास्त करीत असतो. मात्र तुणतुणे करणाऱ्यांची नावे कोणत्याही शाहिराच्या चरित्रात सापडत नाहीत. अनेकदा वादकच ते स्वतः बांधतो, दुरुस्त करतो आणि मोडले म्हणजे नवे करतो. वाद्य स्वस्त, म्हणून जतन होत नाही. जतन होत नाही, म्हणून त्याचा इतिहास लिहिला जात नाही.

३

तुणतुण्याच्या अगदी उलट स्थान तंबोऱ्याचे आहे. तंबोरा हा पूज्य मानला जातो, आणि त्याची निर्मिती हा मिरज नगराचा अभिमानाचा विषय आहे. या उद्योगाचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाला. शस्त्रांना धार लावणे व ती घडविणे हा ज्यांचा पिढीजात व्यवसाय, त्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब यांनी ब्रिटिश अमलात शस्त्रांची मागणी संपल्यावर आपला हात वाद्यांकडे वळविला, अशी मिरजेची परंपरा आहे. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने तेथे गायकांचा राबता वाढला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांचे तेथे अध्यापन चाले. विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे शिक्षण तेथेच झाले. पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीमखाँ मिरजेस स्थायिक झाले आणि १९३७ मध्ये त्यांचा देहान्त झाल्यावर तेथेच त्यांचे दफन झाले. ते स्वतः हाताने तंबोरे दुरुस्त करीत आणि जवारीच्या बाबतीत त्यांचा कान अत्यंत चोखंदळ होता, अशी ख्याती आहे. गायक व कारागीर हाकेच्या अंतरावर राहत असल्यामुळे एकाची तक्रार दुसऱ्याच्या कानशीपर्यंत त्याच दिवशी पोहोचत असे. मिरजेच्या वाद्यांचा लौकिक कशामुळे झाला याचा विचार करताना पंढरपूरकडील भोपळे व तुणीचे लाकूड यांच्याइतकेच हे शेजारपणही गणतीत घ्यावयास हवे.

जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीच्या माथ्याला दिलेला अतिसूक्ष्म उतार. युरोपीय वाद्यांत तार घोडीच्या धारदार कडेवर टेकते. तंबोऱ्यात ती एका रुंद, किंचित बाकदार पृष्ठभागावरून जाते. हा पृष्ठभाग हाडाचा, सांबरशिंगाचा किंवा शिसवीसारख्या कठीण लाकडाचा असतो. हस्तिदंताचा वापर व्यापारबंदीनंतर थांबला. तार कंप पावताना या उतारावर क्षणोक्षणी टेकते व सुटते, आणि तिची कंप पावणारी लांबी त्या प्रमाणात बदलत राहते. तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक धागा सरकविला, की एका विशिष्ट जागी नाद एकाएकी ‘उघडतो’. खर्जाच्या तारेतून पंचम आणि पाठोपाठ गांधार स्पष्ट ऐकू येऊ लागतात. ज्याला गवई ‘स्वयंभू गांधार’ म्हणतात, तो ध्वनिशास्त्राच्या भाषेत मूळ कंपनसंख्येच्या पाचपट कंपनसंख्येचा उपस्वर होय. पंचम हा तिपटीचा.

येथे शास्त्राने प्रथम नकार दिला होता, ही या इतिहासातील महत्त्वाची गोष्ट आहे. टॉमस यंग यांनी १८०० साली मांडलेला व पुढे हेल्महोल्ट्झ यांनी दृढ केलेला नियम असा : तार ज्या बिंदूवर छेडली असेल, तो बिंदू ज्या उपस्वराच्या बाबतीत स्थिर असतो, तो उपस्वर त्या नादात उमटू शकत नाही. तार बरोबर मध्यावर छेडली, तर दुप्पट, चौपट, सहापट कंपनसंख्येचे उपस्वर नाहीसे झाले पाहिजेत. रामन यांनी १९२१ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय विज्ञान संवर्धन संस्थेच्या कार्यवृत्तात दाखवून दिले की, तंबोरा व वीणा हा नियम सरळ मोडतात. ज्या उपस्वरांनी नाहीसे व्हावे तेही तेथे जोमाने ऐकू येतात. ते तारेच्या छेडण्यातून आलेले नसतात, घोडीच्या बाकातून आलेले असतात. नियम चुकीचा नव्हता. तो टोकाशी घट्ट बांधलेल्या तारेसाठी होता, आणि मिरजेच्या किंवा तंजावरच्या कारागिराने तार तशी बांधलेलीच नव्हती.

याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. गणिती उपपत्ती हाती येण्याच्या कित्येक पिढ्या आधी कारागिरांनी कानाच्या भरवशावर एक असे साधन सिद्ध केले होते, की जे आपल्यात आलेल्या कंपनात नवे उपस्वर घालते. त्यांनी त्याचे सूत्र लिहिले नाही. त्यांनी कानस चालविली, धागा सरकविला, ऐकले आणि पुन्हा कानस चालविली. घोडी कालांतराने तारेच्या घासण्याने झिजते. मग जवारी बसते, आणि वाद्य पुन्हा कारागिराकडे जाते. जवारी लावणे हे एकदाच करून संपणारे काम नव्हे. गायकाच्या आवाजाप्रमाणे ती उघडी किंवा बंद ठेवावी लागते. म्हणजे जवारी हा वस्तूचा गुण असला, तरी तो दोन माणसांच्या संबंधातून पुन्हा पुन्हा निर्माण होत असतो.

४

तार आणि कान यांच्यामध्ये वीज आल्यावर अडसर ठेवण्याची नवी जागा उपलब्ध झाली. अमेरिकेतील विद्युत्-गिटारवादकांना हे प्रथम अपघातानेच उमगले. ध्वनिवर्धकातील व्हॉल्व्हला त्याच्या शक्तीबाहेरचा प्रवाह दिला, की तो लाटेची शिखरे पूर्णपणे उचलू शकत नसे, आणि ती वरून दबली जात. १९५१ साली मेम्फिस येथे ध्वनिमुद्रित झालेल्या ‘रॉकेट ८८’ या गीतातील गिटारचा घोगरा आवाज ध्वनिवर्धकाच्या मोडतोडीमुळे आला, असे सांगितले जाते. १९५८ मध्ये लिंक रे यांनी ‘रम्बल’ या रचनेसाठी ध्वनिक्षेपकाच्या कागदी शंकूला मुद्दाम भोके पाडली. अपघात आता हेतू बनला होता. परंतु तो अजून सुटी, हातात घेता येण्याजोगी वस्तू झाला नव्हता.

ते स्थित्यंतर नॅशव्हिल येथे घडले. मार्टी रॉबिन्स यांच्या १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डोन्ट वरी’ या गीताचे ध्वनिमुद्रण चालू असता मिश्रणयंत्रातील एक रोहित्र बिघडले आणि ग्रेडी मार्टिन यांच्या वादनाचा आवाज फाटला. तो तसाच ठेवण्यात आला. इतर कलावंत त्या आवाजाची मागणी करू लागले, तोवर ते रोहित्र पूर्णपणे निकामी झाले होते. तेव्हा ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी रेव्हिस हॉब्स यांच्या साहाय्याने ट्रान्झिस्टरांचे एक मंडल रचून तोच बिघाड कृत्रिमरीत्या निर्माण केला. गिब्सन कंपनीने ते विकत घेतले आणि १९६२ मध्ये ‘मॅस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आणले. त्यात तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर होते. त्याचे पेटंट १९६५ मध्ये मंजूर झाले.

कंपनीने ही पेटी विकली ती सॅक्सोफोन व तुतारीसारखी वाद्ये गिटारवर ऐकविणारे साधन म्हणून. विकृत स्वर हाच इष्ट स्वर आहे असे म्हणण्याचे धैर्य विक्रेत्याला नव्हते. प्रारंभीचा उत्साह ओसरल्यावर मागणी थंडावली. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्स या इंग्रज वादकसमूहाच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गीतात ती वाजल्यानंतर मात्र चित्र पालटले. लंडनमध्ये गॅरी हर्स्ट यांचे ‘टोन बेंडर’ (१९६५) व आर्बिटर यांचे ‘फझ फेस’ (१९६६), न्यूयॉर्कमध्ये माइक मॅथ्यूज यांचे ‘बिग मफ’ (१९६९) अशी साधने लागोपाठ निघाली. सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात जपानी कारखाने पुढे आले. बॉसचे ‘ओव्हरड्राइव्ह’ (१९७७) व ‘डिस्टॉर्शन’ (१९७८) आणि आयबनेझचे ‘ट्यूब स्क्रीमर’ (१९७९) यांनी या पेटीला आजचे रूप दिले.

त्या पेटीत काय घडते हे थोडक्यात पाहिले म्हणजे जवारीशी असलेले साम्य व भेद दोन्ही कळतील. आलेला प्रवाह प्रथम अनेक पटींनी वाढविला जातो. मग त्याच्या वाटेत दोन डायोड परस्परविरुद्ध दिशांनी जोडलेले असतात. सिलिकॉनचा डायोड साधारण ०.६ व्होल्टला व जर्मेनियमचा साधारण ०.३ व्होल्टला वाहू लागतो; त्यापलीकडे लाट वर जाऊ शकत नाही. दोन्ही बाजूंची शिखरे सारखीच छाटली, तर तिप्पट, पाचपट, सातपट असे विषम उपस्वर निर्माण होतात. एका बाजूचे शिखर अधिक छाटले, तर दुप्पट, चौपट असे सम उपस्वरही येतात. छाटणी डायोडांनी एकदम केली तर कडक आवाज, वर्धकाच्या परतीच्या वाटेवर डायोड ठेवून हळूहळू केली तर मऊ आवाज. डिस्टॉर्शन व ओव्हरड्राइव्ह हा भेद मुख्यतः एवढाच आहे.

दोन स्वर एकत्र वाजविले, तर त्यांच्या कंपनसंख्यांची बेरीज व वजाबाकीही ऐकू येते. सेकंदाला २०० कंपनांचा षड्ज व ३०० कंपनांचा पंचम एकत्र दिला, तर १०० कंपनांचा खर्ज आपोआप मिळतो. विकृत स्वरात वाजविणारे गिटारवादक षड्ज-पंचमाची जोडी विशेष पसंत करतात याचे मर्म येथे आहे. गांधार मात्र तेथे सुखाने नांदत नाही. कारण गिटारच्या पडद्यांवरील समविभागी गांधार शुद्ध प्रमाणाहून बराच चढा असतो आणि छाटणीमुळे ही तफावत ठळकपणे कानी येते. पंचमातील तफावत जवळजवळ जाणवत नाही. बाजाच्या पेटीतील स्वरांवर कृष्णाजी बल्लाळ देवल यांच्यासारख्या श्रुतिविचारकांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी जो आक्षेप घेतला होता, त्याचाच हा एक वेगळा पडताळा होय. तंबोऱ्यात जो गांधार स्वयंभू म्हणून गौरविला जातो, तोच गिटारच्या पडद्यावरून आला असता पेडलमध्ये खटकतो. कारण पहिला एकाच तारेचा अंश असतो, दुसरा बाहेरून आलेला असतो.

५

मोठ्या कारखान्याने पेटी स्वस्त व एकसारखी केली. लहान कारागिराचा उदय झाला तो या एकसारखेपणाविरुद्ध. ‘क्लॉन सेंटॉर’ या पेडलचा इतिहास या बाबतीत उद्‌बोधक आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात बिल फिनेगन यांनी १९९४ ते २००९ या काळात हे ओव्हरड्राइव्ह पेडल तयार केले. त्यांची संख्या सुमारे ८,००० होती, आणि त्यांची जुळणी ते बहुतांशी एकट्याने हाताने करीत. मंडलात जर्मेनियमचे डायोड होते. छाटलेल्या स्वरात न छाटलेला मूळ स्वरही मिसळण्याची त्यात योजना होती. नक्कल होऊ नये म्हणून फिनेगन मंडलावर काळ्या राळेसारखा, कठीण होणारा थर ओतीत. उत्पादन थांबल्यावर जुन्या पेट्यांच्या किमती मूळ किमतीच्या अनेक पट झाल्या.

पुढे हौशी अभ्यासकांनी तो थर खरवडून मंडलाची आकृती तयार केली व ती सर्वत्र पसरली. तेव्हापासून या पेडलच्या नकला अनेकांनी केल्या आहेत. तथापि सर्व भाग ठाऊक झाल्यावरही मूळ पेटीतील डायोडच तसे पुन्हा मिळणार नाहीत, हा वाद थांबला नाही. त्यात बाजारी भाबडेपणाचा वाटा मोठा आहे हे खरे. परंतु त्यात एक तथ्यही आहे. जर्मेनियमच्या भागांचे गुणधर्म नगागणिक बदलतात व तापमानाप्रमाणे हलतात. त्यामुळे त्यांतून निवड करणारा कान हा मंडलाचाच एक भाग असतो, आणि आकृतीत तो काढता येत नाही. घोडीचा बाक मोजता येतो. मोजमापावरून घडविलेली घोडी मात्र पुन्हा कोणाच्या तरी कानापुढे ठेवावी लागते. ही दोन विधाने परस्परांपासून फार दूर नाहीत.

महाराष्ट्रात या नव्या कारागिरीला भूमी मिळाली ती मुंबईत. तेथे विजेने वर्धित तंतुवाद्य रस्त्यावर पूर्वीपासूनच होते. जपानमधील नागोया येथे मोरिता गोरो यांनी १९१२ मध्ये सिद्ध केलेले ताइशोगोतो हे कळांचे तंतुवाद्य भारतात बुलबुलतरंग झाले आणि महाराष्ट्रात बेंजो या नावाने रूढ झाले. त्याला विद्युत्-ग्राहक बसवून ते ध्वनिवर्धकातून व भोंग्यांतून मिरवणुकीत वाजू लागले. भोंग्याला त्याच्या शक्तीबाहेर चालविले म्हणजे लाटेची शिखरे दबतात. म्हणजे ओव्हरड्राइव्ह या शब्दाची ओळख नसलेल्या श्रोत्यांच्या कानांना त्याचा परिणाम गणेशोत्सवात परिचित झालेला होता. दुसरीकडे ग्रँट रोडजवळील लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, हा रेडिओच्या व इतर विद्युत्-उपकरणांच्या सुट्या भागांचा बाजार. तेथे ट्रान्झिस्टर, रोधक व डायोड सुटे मिळत. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मुंबईतील ‘अ‍ॅनिमल फॅक्टरी अ‍ॅम्प्लिफिकेशन’ या लहान निर्मितिगृहाने फझ, ओव्हरड्राइव्ह व डिस्टॉर्शन या वर्गातील पेडले स्वतः रचून बाजारात आणली. त्यांतील ‘पिट वायपर’ व ‘बॅरन सामेदी’ ही नावे भारताबाहेरील वादकांतही परिचित झाली आहेत. साधनाची कल्पना बाहेरून आली, पण रचना येथे झाली व तयार वस्तू पुन्हा बाहेर गेली, हा क्रम ताइशोगोतोपासून बेंजोपर्यंतच्या प्रवासाहून एक पाऊल पुढचा आहे.

६

कारागिराचे ज्ञान टिकविण्याचे मार्ग या तीन इतिहासांत निरनिराळे दिसतात. मिरजेत ते कुटुंबात ठेवले गेले. बाप कानस चालवीत असता मुलगा ऐके. नॅशव्हिलमध्ये ते पेटंटाच्या कागदावर उतरले, आणि म्हणून आज कोणालाही वाचता येते. मॅसॅच्युसेट्समध्ये ते राळेखाली झाकले गेले. तुणतुण्याच्या बाबतीत मात्र ते टिकविण्याचा प्रयत्न कोणीच केला नाही. वाद्य टिकले ते केवळ वापरात राहिले म्हणून.

२०२४ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय ठरले. त्या वर्षी मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षी फिनेगन यांनी आपल्या पेडलच्या नावाची व रूपाची नक्कल केल्याबद्दल एका मोठ्या उत्पादकाविरुद्ध अमेरिकेच्या न्यायालयात दावा लावला. दोन्ही ठिकाणी कायद्यापुढे आले ते नाव, रूप व स्थान. मिरजेबाहेर घडविलेल्या तंबोऱ्याला मिरजेचा म्हणता येणार नाही, ही तरतूद न्याय्य आहे. बनावट मालापुढे टिकाव धरण्यास तिचा कारागिराला उपयोग होईल. पण जवारी उघडली केव्हा हे ओळखणारा कान पुढच्या पिढीत उरला नाही, तर तो मानांकनाने परत आणता येणार नाही. कायदा वस्तूचे रक्षण करतो. वस्तू ज्या संबंधातून निर्माण होते त्याचे रक्षण करण्याची शक्ती त्यात नाही. इलेक्ट्रॉनिक तंबोरा अनेक गायकांच्या हाती आल्यापासून घोडी झिजणे, ती घेऊन कारागिराकडे जाणे व त्याच्याशी हुज्जत घालणे हा क्रमच खंडित होऊ लागला आहे. मिरजेपुढील खरा प्रश्न हा आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाला यातून पद्धतीविषयी एक बोध घेता येतो. जेथे लेख नाहीत तेथे वस्तूच साधनग्रंथ मानावी लागते. जुन्या घोडीच्या माथ्यावर तारेने पाडलेली चर, तिच्यावर पुन्हा पुन्हा फिरलेल्या कानशीच्या खुणा, पेडलमध्ये मागाहून बदललेला डायोड, तुणतुण्याच्या कातड्याला लावलेले ठिगळ व तार ओवण्यासाठी बदललेले छिद्र, या सर्व नोंदीच आहेत. प्रत्येक दुरुस्ती म्हणजे कोणा वादकाची तक्रार आणि कोणा कारागिराने तिला दिलेले उत्तर. रामन यांनी घोडीचा बाक हा दोष न समजता पुरावा समजला, म्हणून त्यांना नियमाची मर्यादा सापडली. ‘विकृती’ हा शब्द जेथे येतो तेथे इतिहासकारानेही तसेच थांबून पाहणे इष्ट ठरेल. कारण ती विकृती कोणाच्या तरी कानाला इष्ट वाटल्याखेरीज पिढ्यान्‌पिढ्या टिकत नाही.

मिरजेच्या तंबोऱ्यावर घडविणाऱ्याचे नाव असते. सेंटॉरच्या पेटीवर निर्मितिगृहाची मुद्रा असते. संगमनेरच्या फडात वाजलेल्या तुणतुण्यावर कोणाचेही नाव नाही. परंतु त्याच्या कातड्यातून निघणारे वरचे सप्तक हे रामन यांच्या टिपणाआधी व स्नॉडी यांच्या मंडलाआधी कोणीतरी हाताने साधलेले होते. ज्या फडांतून व ज्या घरांतून अशी जुनी तुणतुणी अद्याप असतील, तेथे त्यांची मापे, कातडे, तार व दुरुस्त्या यांची नोंद करणे हे संगीताच्या आणि लोकव्यवसायांच्या इतिहासाचे सारखेच महत्त्वाचे कार्य आहे. हे वाद्य मोडले म्हणजे फेकले जाते. म्हणून त्या कार्याला मुदत आहे.